मॅट्रिक्युलेशन परीक्षेची तयारी : कांहीं उपेक्षित साधनें

(१)

मुंबई विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे जिला आपल्याकडे सर्वत्र मॅट्रिक म्हणत तिचा, इतिहास लिहूं पाहणारास साधनांची उणीव भासूं नये असें प्रथमदर्शनीं वाटतें. विद्यापीठाचीं कॅलेंडरें छापलेलीं आहेत. त्यांत नियम आहेत, परीक्षकांचीं नांवें आहेत, उत्तीर्णांच्या याद्या आहेत, आणि जुन्या खंडांत त्या त्या वर्षींच्या प्रश्नपत्रिकाहि जोडलेल्या आढळतात. परंतु हीं सारीं साधनें परीक्षेच्या दिवसाचीं व त्यानंतरचीं होत. त्याआधींचीं जीं एकदोन वर्षें, त्यांत मुलगा कोठें राही, कोणाकडे जेवी, कोणत्या दिव्याजवळ बसे, कोणतें पुस्तक कोणाकडून मागून आणी, त्यांतील कोणत्या पाठांवर खुणा करी व कोणते पाठ सोडून देई, याविषयीं कॅलेंडर अवाक्षर काढीत नाहीं.

प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य इतकेंच कीं, या परीक्षेचा खरा इतिहास निकालाच्या यादींत नसून तयारींत आहे. कारण परीक्षेचा कागद सर्वांस एक असे, तयारी मात्र एक नसे. आणि या तयारीचे जे अवशेष अद्यापि जुन्या घरांच्या माळ्यांवर व रद्दीच्या दुकानांत सांपडतात, ते आपण संग्राहकांनींच तुच्छ मानल्यामुळें दिवसेंदिवस नाहींसे होत आहेत. हें म्हणणें वाचकांस पटावयाचें तर आधीं या परीक्षेनें जुन्या परीक्षापद्धतींत नेमका कोणता पालट केला तें पाहिलें पाहिजे.

(२)

परीक्षा ही वस्तूच इंग्रजांबरोबर आली असा एक समज रूढ आहे, तो बरोबर नाहीं. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास दक्षिणा वांटली जाई. तिचा उगम तळेगांवकर दाभाड्यांकडे असून पुढें तो क्रम पेशव्यांनीं चालविला. या निमित्तानें दूरदूरचे विद्वान पुण्यास जमत. शास्त्रीमंडळी त्यांची योग्यता पाहात आणि त्या योग्यतेप्रमाणें दक्षिणा ठरे. १८१८ नंतर एल्फिन्स्टननें ही दक्षिणा एकदम बंद न करतां आटोपशीर करून चालू ठेविली, आणि १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली गेली.

शास्त्राध्ययनाच्या परंपरेंत परीक्षेचा आणखी एक प्रकार प्रसिद्ध आहे, तो शलाकापरीक्षेचा. पोथींत शलाका खुपसावयाची. ती ज्या पानावर थांबेल त्या पानावरील विषयाचें विवरण विद्यार्थ्यानें तेथल्या तेथें करावयाचें. मिथिलेच्या नैयायिकांसंबंधानें ही चाल विशेषेंकरून सांगतात, आणि आजच्या संस्कृत शास्त्रस्पर्धांतूनहि ती नांवानें व रूपानें टिकून आहे. आतां विचार केला असतां दिसेल कीं, शलाकापरीक्षा हीहि सर्व ग्रंथाची परीक्षा नव्हे. ती एका पानाचीच परीक्षा होय. परंतु तें पान कोणतें हें गुरूसहि आधीं ठाऊक नसे. म्हणून विद्यार्थ्यास सगळी पोथी तयार करण्यावांचून गत्यंतर नसे.

या जुन्या परीक्षांचें दुसरें लक्षण असें कीं, परीक्षार्थी परीक्षकासमोर उभा असे. त्याचें गांव कोणतें, घराणें कोणतें, गुरु कोण, हें सर्व परीक्षकास कळे. पाठीशीं असलेल्या गुरूचें नांव हेंच अर्धें प्रमाणपत्र. यांत एक मोठा गुण होता: समोरचा मनुष्य अडखळला तर त्यास पुन्हा विचारतां येई, आणि नुसतें शब्दज्ञान आहे कीं अर्थज्ञानहि आहे हें चार प्रतिप्रश्नांत उघड होई. दोष याहून मोठा होता. दक्षिणेच्या यादींत ब्राह्मणेतरांस स्थान नव्हतें. तेथें विद्येची परीक्षा होण्यापूर्वीं जातीची होऊन चुकलेली असे.

(३)

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजीं झाला. कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन विद्यापीठांची घडण लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. म्हणजे विद्यापीठानें स्वतः शिकवावयाचें नसून परीक्षा घ्यावयाची व पदव्या द्यावयाच्या. अशा विद्यापीठांत प्रवेशपरीक्षा हा केवळ उंबरठा राहात नाहीं. खालच्या सर्व शाळांनीं काय शिकवावें हें तीच ठरवूं लागते.

मुंबईची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. तींत शंभरांहून अधिक विद्यार्थी बसले आणि जेमतेम वीस-बावीस उतरले. उतरलेल्यांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे हे होते. पुढें १८६२ सालीं बी. ए. ची पहिली पदवी मिळविणारे चौघे ते हेच. रानडे व भांडारकर या दोघांसहि दक्षिणा फेलो नेमण्यांत आलें होतें, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष मननीय वाटेल. जी दक्षिणा एके काळीं श्रावणांत वैदिक-शास्त्र्यांच्या ओंजळींत पडे, तिच्याच निधींतून आतां नव्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस वेतन मिळूं लागलें. दोन परीक्षांचा सांधा याहून स्पष्ट दाखविणारें उदाहरण क्वचितच मिळेल.

नवी परीक्षा तीन गोष्टींत जुनीहून भिन्न होती. ती लेखी होती. ती सर्वांस एकाच वेळीं एकाच प्रश्नपत्रिकेवर द्यावी लागे. आणि उत्तरपत्रिकेवर मनुष्याच्या जागीं क्रमांक येऊन बसला. या तिन्ही गोष्टींविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु चौथी एक गोष्ट आहे, ती तितकीच महत्त्वाची असून तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलेलें नाहीं. शलाका पोथींतून काढून घेतली कीं पोथी पुन्हा पूर्ववत् होते. शलाका कोठें टोंचली होती याची खूण मागें राहात नाहीं. प्रश्नपत्रिका मात्र छापलेली असते, व परीक्षा संपल्यावरहि ती उरते. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका एकत्र बांधल्या म्हणजे शलाका कोणत्या पानांवर वारंवार पडते आणि कोणत्या पानांकडे ती कधींच जात नाहीं, हें सामान्य बुद्धीच्या मुलासहि दिसूं लागतें. पोथीची तयारी संपून परीक्षेची तयारी सुरू झाली ती येथें.

या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांवर घोकंपट्टीचा आरोप इंग्रज अधिकाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या केला. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत १९०२ सालीं नेमलेल्या विद्यापीठ-कमिशनपुढेंहि टीपांच्या व उत्तरांच्या पुस्तकांची तक्रार होतीच. या आरोपाची एक नेहमींची उपपत्ति अशी कीं, हिंदु विद्यार्थ्यास पाठांतराची वंशपरंपरागत संवय असल्यामुळें तो नव्या विद्येंतहि तेंच करतो. ही उपपत्ति मला मान्य नाहीं. संहिता, पद, क्रम, जटा, घन या क्रमानें म्हणणारा वैदिक सूक्तांतील सोपें तेवढें निवडून कठीण गाळीत नाहीं. त्याच्या पाठांतराचा प्राण अखंडतेंत आहे. मॅट्रिकच्या घोकंपट्टीचा प्राण निवडींत होता. वैदिकाच्या पाठांतरांत अर्थज्ञान पुष्कळदां नसे, हा दोष कबूल केलाच पाहिजे. पण तो दोष निराळा आणि हा निराळा. निवडून पाठ करण्याची विद्या छापील प्रश्नपत्रिकेनें शिकविली, आणि ती प्रश्नपत्रिका विद्यापीठाची होती.

(४)

तयारीच्या साधनांत संस्कृतापुरतें अग्रस्थान भांडारकरांच्या दोन पुस्तकांस द्यावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत हैदराबाद (सिंध) व रत्नागिरी येथील हायस्कुलांचे मुख्याध्यापक असलेल्या या विद्वानानें संस्कृताचें पहिलें व दुसरें पुस्तक रचलें. त्यांस अनुक्रमें 'मार्गोपदेशिका' व 'संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका' अशीं संस्कृत नांवें आहेत. पाठाच्या आरंभीं व्याकरणाचा नियम; मग भाषांतरासाठीं संस्कृत वाक्यें; मग संस्कृतांत उतरविण्यासाठीं इंग्रजी वाक्यें; आणि लागणाऱ्या शब्दांची यादी. लघुकौमुदी व रूपावली मुखोद्गत करण्यांत जीं वर्षें जात त्यांचें काम हीं पुस्तकें थोडक्या अवधींत करून देत, आणि मॅट्रिकच्या मुलांच्या अनेक पिढ्या त्यांवर पोसल्या.

या पुस्तकांत एक गोष्ट अशी आहे कीं जी आपल्या नजरेस परिचयामुळें खुपत नाहीं. त्यांतील विवरण इंग्रजींत आहे. रत्नागिरीचा मुलगा 'रामः' चें रूप इंग्रजी वाक्य वाचून शिकला, व त्याचा अर्थ त्यानें इंग्रजींत लिहिला. घरीं आजोबांच्या तोंडून ऐकलेलें संस्कृत आणि शाळेंतलें संस्कृत यांमध्यें एक समुद्र पसरला. हा दोष ग्रंथकाराचा नव्हे. परीक्षाच इंग्रजींतून होती, तेव्हां तयारीहि इंग्रजींतून होणें प्राप्त होतें. मात्र याचें फळ असें झालें कीं, ज्याचें इंग्रजी कच्चें त्याचें संस्कृतहि कागदावर कच्चें ठरे.

संस्कृत शिकविण्यांत हयात गेल्यामुळें प्रस्तुत लेखकाच्या हातून या पुस्तकांच्या पुष्कळ जुन्या प्रती गेल्या आहेत. एकेका प्रतीवर तीन-तीन चार-चार धन्यांचीं नांवें असतात. मागील नांव खोडून पुढचें लिहिलेलें. समासांत पेन्सिलीनें अर्थ लिहिलेले असतात. कांहीं धड्यांवर खुणांची दाटी, तर त्यांच्याच शेजारचे धडे कोरे करकरीत. प्रारंभीं प्रस्तुत लेखकासहि ह्या खुणा म्हणजे पुस्तकाची नासाडी वाटे, आणि कांहीं प्रतींवरील पेन्सिल आपण होऊन रबरानें पुसून टाकल्याचें स्मरतें. आज तें स्मरलें कीं पश्चात्ताप होतो. बखरीच्या समासांतील टीप आपण भिंग लावून वाचतों, आणि ज्या टीपेवरून एका विद्यार्थ्याची परीक्षेविषयींची अटकळ कळली असती ती आपल्याच हातानें पुसतों!

(५)

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. क्रमांकाच्या परीक्षेनें कोणता न्याय केला व कोणता केला नाहीं?

समोरासमोरच्या निवडींत काय घडे याचें एक उदाहरण धोंडो केशव कर्वे यांनीं आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. १८७५ सालीं कोंकणांतील मुरुडाहून सातारा येथें सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते सोबत्यांसह पावसांतून, कुंभार्ली घाट चढून, पायीं गेले. वयाचीं सतरा वर्षें पुरीं झालेलीं होतीं, दाखलाहि होता. परंतु दिसण्यांत लहान, म्हणून प्रमुखांनीं त्यांस बसूं दिलें नाहीं. तोंड पाहून निर्णय झाला. हेच कर्वे १८८१ सालीं मॅट्रिक झाले. उत्तरपत्रिकेस तोंड नसतें, ही नव्या पद्धतीची मोठीच जमेची बाजू म्हटली पाहिजे.

परंतु उत्तरपत्रिका लिहावयाच्या जागेपर्यंत पोंचण्याची वाट डोळस होती. भीमराव रामजी आंबेडकर १९०७ सालीं मॅट्रिक झाले. परळकडील चाळींतल्या एका खोलींत सर्व कुटुंब राही. रात्रीं दोनच्या सुमारास वडील त्यांस उठवीत व रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास चाले, असें त्यांच्या चरित्रांत आहे. चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसणाऱ्या या मुलास कृष्णाजी अर्जुन केळुसकर या थोर शिक्षकानें हेरलें, आणि परीक्षा उतरल्यावर भरलेल्या सत्कारसभेंत आपलें बुद्धचरित्र भेट दिलें. गुण पडले ते ७५० पैकीं २८२. निकालाच्या यादींत याहून अधिक कांहीं नाहीं. यादींत हें कोठेंहि लिहिलेलें नाहीं कीं, या विद्यार्थ्यास संस्कृत घ्यावयाचें होतें, पण तें शिकविण्यास शिक्षकानें नकार दिला व म्हणून त्यास फारसी घ्यावी लागली. संस्कृताचा शिक्षक म्हणून आयुष्य घालविलेल्या मनुष्यास हें वाक्य लिहितांना मान खालीं घालावी लागते.

पांच वर्षांनीं, १९१२ सालीं, याच परीक्षेंत चिंतामणराव देशमुख पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. त्यांच्या बुद्धीविषयीं कोणास शंका असण्याचें कारण नाहीं. पण १८६५ सालीं निवर्तलेल्या उदार नानांच्या नांवें ठेविलेल्या त्या शिष्यवृत्तीसाठीं भीमरावांस साधें स्पर्धेंतहि उतरतां आलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. विद्यापीठाच्या नियमांत संस्कृत कोणास वर्ज्य नव्हतें. वर्ज्य होतें तें वर्गांत. परीक्षा आंधळी असली तरी तयारी आंधळी नव्हती, असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें.

ही गोष्ट त्या काळींहि कोणास कळली नव्हती असें नाहीं. पुण्यांत गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून वा वार लावून जेवी व शिके. त्यास ती सोय जातीमुळें मिळे. इतरांस ती नव्हती. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं हें ओळखलें. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. मागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत विद्यार्थ्यांकरितां वसतिगृहें झालीं. १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. महाराजांनीं प्रश्नपत्रिकेस हात लावला नाहीं. त्यांनीं निजावयास जागा, दोन वेळचें अन्न व दिवा दिला. त्या काळीं मॅट्रिकच्या तयारीचा अर्थ त्यांच्याइतका अचूक क्वचित् कोणी जाणला असेल.

(६)

येथवर जें सांगितलें त्यावरून कोणतीं साधनें जपावयाचीं हें ओघानेंच ठरतें. पहिलें, खुणा व टीपा असलेलीं पाठ्यपुस्तकें. दुसरें, विद्यार्थ्यांनीं स्वतः शिवलेले प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, टाचणवह्या व उत्तरांचीं छापील पुस्तकें. तीं जितकीं हिणकस तितकीं उपयोगी, कारण खप त्यांचाच असे. तिसरें, वसतिगृहांच्या व खानावळींच्या जमाखर्चाच्या वह्या. कोण किती दिवस जेवला व कोणत्या महिन्यांत तो घरीं परतला, यांत पुष्कळ इतिहास आहे. चौथें, मुलांनीं घरीं पाठविलेलीं पत्रें. पुस्तक हातीं आल्यास त्यावरील प्रत्येक धन्याचें नांव, गांव, शाळा, साल, किंमत व विक्रेत्याचा शिक्का टिपून घ्यावा. पुठ्ठ्याआंतील कोरें पान फाडूं नये. पुन्हा बांधणी करूं नये. बांधणारा कडा कापतो आणि समासांतील टीपा कातरणाबरोबर जातात. पेन्सिल पुसूं नये, हें वर आलेंच आहे.

यांत विलंब करण्यास सवड नाहीं, याचें कारण कागद. जुन्नरी व दौलताबादी हातकागदावरील पत्रें तीनशें वर्षें टिकलीं आहेत, व वाळवी-पाण्यापासून राखलीं तर आणखी टिकतील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लांकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यांत आम्ल असतें व तो आपोआप पिवळा पडून कुरकुरीत होतो. मग घडीवर तो मोडतो, आणि हात लावतांच त्याचा भुगा होतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळचें पत्र आपल्या नातवांस वाचावयास मिळेल. १८९० सालचें 'गाइड' बहुधा मिळणार नाहीं. जें अधिक जुनें तेंच अधिक नाजूक, हा संग्राहकाचा नेहमींचा आडाखा येथें नेमका उलटा पडतो.

मॅट्रिक आतां नाहीं. १९४८ च्या कायद्यानें मुंबई प्रांतांत शालान्त परीक्षेचें स्वतंत्र मंडळ झालें, १९४९ पासून एस. एस. सी. सुरू झाली, आणि विद्यापीठाकडील ती जुनी परीक्षा मावळली. परंतु प्रवेशपरीक्षा मावळली नाहीं. वैद्यक व अभियांत्रिकी यांच्या महाविद्यालयांत जाण्यासाठीं आज लाखों मुलें एकच प्रश्नपत्रिका सोडवितात. चार पर्यायांतून एक निवडतात. मागील वर्षांचे प्रश्न गोळा करून शलाका कोठें पडेल याची अटकळ बांधतात. त्यांच्यासाठीं शिकवणीवर्ग आहेत, वसतिगृहें आहेत, आणि ज्यांस तीं परवडत नाहींत त्यांची ती जुनीच अडचण आहे. या मुलांच्या तयारींतील पुष्कळ भाग तर कागदावर उतरतच नाहीं. तेव्हां पुढील संशोधकाचें काम आपल्याहून कठीण असणार.

आपल्या मंडळाच्या सभासदांनीं एवढें करावें कीं, पोथ्यांच्या शोधार्थ एखाद्या वाड्याच्या माळ्यावर चढल्यावर, रुमालांत बांधलेल्या दप्तराशेजारीं शाळेच्या पुस्तकांचा जो ढीग असतो, तो रद्दीवाल्यास देण्याआधीं एकवार उघडून पाहावा. दप्तर ज्या घराण्याचें, त्याच घरांतील कोणी मुलगा तें पुस्तक घेऊन दिव्याजवळ बसलेला होता. आणि ज्या घरांत दप्तर नव्हतें, वाडा नव्हता, माळाहि नव्हता, त्या घरांतील पहिला लेखी कागद पुष्कळदां हाच असतो. तो आपण टाकला तर त्या घराच्या इतिहासाचें आरंभींचें पानच फाडल्यासारखें होईल.